व्हिटनीची मिल्टँक लेव्हल वाढवून हरत नाही

सांगलीतल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोकेमॉन हार्टगोल्ड-सोलसिल्वर हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांसाठी एक मेसेज दर सुट्टीत फिरतो: ‘स्टार्टर २५ लेव्हलचा झाल्याशिवाय व्हिटनीच्या जिममध्ये जाऊ नका. गॅस्टली पाठवा, नाहीतर मिल्टँकला झोपवा. तरीही हरलात तर नशीब, गेमच चीटिंग करतो.’ स्टार्टर म्हणजे गेमच्या सुरुवातीला मिळणारा आपला पहिला पोकेमॉन, व्हिटनी ही गेममधल्या एका जिमची प्रमुख आणि मिल्टँक हा तिचा गाईसारखा पोकेमॉन. हा सल्ला पार चुकीचा आहे. त्यापायी पोरं गेम अर्ध्यात सोडतात, म्हणून लिहितोय.

आधी नशिबाचं बघू. मे महिन्यात विश्रामबागला बहिणीकडे गेलो, तर सातवीतली भाची रडवेली होऊन बसली होती. दोन दिवस गवतात फिरून तिने तिचा स्टार्टर क्रोकोनॉ २२ लेव्हलला नेला होता, तरी सहा वेळा हरली. “मामा, हा हलतच नाही बघ.” स्क्रीनवर क्रोकोनॉच्या नावापुढे ♂ (नराची खूण) होतं. मिल्टँक कायम मादी असते. तिचा अॅट्रॅक्ट हा मोहात पाडणारा मूव्ह (डाव) फक्त नरावर चालतो आणि तो लागला की निम्म्या वेळा आपला पोकेमॉन जागचा हलत नाही. स्टार्टर तर ८ पैकी ७ वेळा नरच मिळतो. म्हणजे मेसेज ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवायला सांगतो, नेमका तोच अडकतो. गेम इथे काही लबाडी करत नाही. मादी पाठवली की अॅट्रॅक्ट फुकट जातो.

आता २५ लेव्हल. व्हिटनीची पहिली पोकेमॉन क्लेफेरी १७ ची आणि मिल्टँक १९ ची. आसपासच्या गवतातले पोकेमॉन दहाच्या आगेमागे, त्यांना मारून २५ गाठायचं म्हणजे पोराची अख्खी सुट्टी गेली. शिवाय मिल्क ड्रिंक या मूव्हने मिल्टँकचा निम्मा एचपी (जीव) परत भरतो. एका टर्नला त्याहून कमी मारत असाल, तर लढाई तिथल्या तिथेच राहते.

मग ती मिल्क ड्रिंक कधी वापरू शकत नाही? रोलआउट, म्हणजे तिचा लोळत येऊन मारायचा हल्ला, चालू असताना. त्याची ताकद ३०, ६०, १२०, २४०, ४८० अशी दुपटीने चढते, म्हणून सगळे घाबरतात. पण एकदा लोळायला लागली की पाच टर्न किंवा नेम चुकेपर्यंत तिला दुसरं काहीच करता येत नाही. आपली संधी तीच.

त्यासाठी हवी मादी जिओड्यूड, हा दगडी पोकेमॉन. युनियन केव्हमध्ये ढिगाने मिळतात. पकडल्यावर ♀ आहे का तेवढं बघा. रोलआउट आणि स्टॉम्प (मिल्टँकची लाथ), दोन्ही तिला निम्मेच लागतात. क्लेफेरी समोर असतानाच तीनदा डिफेन्स कर्ल (बचाव वाढवणारा मूव्ह) लावून घ्या आणि मिल्टँक आल्यावर जिओड्यूड बदलू नका. मिल्टँक लोळायला लागली की दर टर्नला मॅग्निट्यूड हा हल्ला. हा मूव्ह जिओड्यूडला १५ व्या लेव्हलला येतो, तेवढी लेव्हल मात्र करा.

जोडीला मॅचॉप हा पोकेमॉन ठेवा. रूट ३४ वर ड्राउझी नावाचा पोकेमॉन पकडून व्हिटनीच्याच गोल्डनरॉड शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये द्यायचा, बदल्यात मॅचॉप मिळतो, तोही मादी. ट्रेडचा (अदलाबदलीचा) असल्यामुळे त्याला दीडपट एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो. मिल्टँकचं वजन ७५.५ किलो, त्यामुळे मॅचॉपच्या लो किकची ताकद ८० होते, कारण समोरचा जितका जड तितकी ही किक जोरात लागते. १८ लेव्हलच्या मॅचॉपची एक किक तिचा जवळपास निम्मा एचपी काढते. पण त्याला सुरुवातीला पाठवू नका. दोन स्टॉम्पमध्ये तो गारद होतो, कारण मिल्टँक त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. जिओड्यूडने तिला दमवल्यावर शेवटच्या घावाला तो काढायचा.

गॅस्टली या भूत पोकेमॉनचा सल्ला याच गेमच्या जुन्या आवृत्तीतून, गोल्ड-सिल्वरमधून आलाय. तिथे स्टॉम्प भुताला लागत नव्हता. इथे मिल्टँकला स्क्रॅपी अॅबिलिटी (अंगचा गुण) आहे, त्यामुळे लागतो. झोपवायचं म्हणाल, तर तिच्याकडे लम बेरी हे झोप घालवणारं फळ असतं. पहिल्यांदा झोपवलं की ते खाऊन ती लगेच जागी होते आणि आपला एक टर्न वाया जातो.

भाचीने त्याच संध्याकाळी युनियन केव्ह गाठली. पहिल्या दोन जिओड्यूड नर निघाल्या, तिसरी मादी. मिल्टँक चौथ्यांदा लोळत आली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. जिओड्यूडचा एचपी लाल झाला होता, पण ती उभी होती.