बंदोबस्त मागवण्याआधी

पुण्यात एका रसायन कंपनीत वरच्या हुद्द्यावर असलेल्या माझ्या मित्राचा परवा फोन आला. "तुमच्या जर्मनीत ते पर्यावरणवाले कंपन्यांना एवढा त्रास देतात, तिथे त्यांचा बंदोबस्त कसा करतात रे? एखादी चांगली पद्धत असेल तर लिहून पाठव." त्याच्या कंपनीला कोकणात विस्तार करायचाय. संचालक मंडळापुढे जो जोखमींचा तक्ता जाणार आहे त्यात 'स्थानिक विरोध' अशी एक ओळ आहे, सायबर हल्ल्याच्या खाली आणि विनिमय दराच्या वर. त्याला दोन पानी टिपण हवं होतं.

मी कोलोनजवळ राहतो. इथून गाडीने तासाभराच्या आत गार्त्सवायलरची उघडी कोळसा खाण लागते. देशातून पाहुणे आले की चर्च दाखवून झाल्यावर मी त्यांना तिकडे नेतो. याकेराटला खाणीच्या काठावर लोकांना बघण्यासाठी सज्जा केलेला आहे. खाली इमारतीएवढी चक्राची यंत्रं तपकिरी कोळसा खरवडत असतात. आणि मागे काएनबर्गसारख्या गावात घरांवर, गोठ्यांच्या दारांवर पिवळ्या लाकडी फुल्या ठोकलेल्या दिसतात. आम्ही उठणार नाही, असं सांगणाऱ्या. पाहुणे आधी यंत्राचे फोटो काढतात, मग फुल्यांचा अर्थ विचारतात, आणि मग हमखास नाणार-बारसूच्या रिफायनरीवर गाडी येते.

या भागातली कोळशाची मालक कंपनी म्हणजे आरडब्ल्यूई. खाणीसाठी जवळचं हाम्बाखचं जंगल तोडण्याबाबत तिची बाजू कागदावर भक्कम होती. जमीन तिची, परवाने तिच्याकडे, राज्य सरकार तिच्या पाठीशी. झाडांवर घरं बांधून राहिलेल्या आंदोलकांना सप्टेंबर 2018 मध्ये हजारो पोलिसांनी खाली उतरवायला सुरुवात केली. सरकारी कारण होतं अग्निसुरक्षेचं. त्या दिवसांत चित्रण करणारा एक तरुण उंचावरून पडून मेला. 5 ऑक्टोबरला म्युन्स्टरच्या न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, कंपनीचा शेअर त्याच दिवशी आपटला आणि दुसऱ्या दिवशी जंगलाशी हजारो लोक जमले. या स्थगितीचा वर्षाला 100 ते 200 दशलक्ष युरोंचा फटका बसेल, असं कंपनीनेच जाहीर केलं. बंदोबस्ताची किंमत मित्राला हवी असेल तर ती ही.

चार वर्षांनी तीच कंपनी ल्युत्सेराटमध्ये वेगळी वागली. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारशी करार झाला: या पट्ट्यातला कोळसा 2038 ऐवजी 2030 लाच बंद, काएनबर्ग धरून पाच गावं वाचणार, ल्युत्सेराट मात्र जाणार. जानेवारी 2023 मध्ये चिखलात पोलीस आणि आंदोलक भिडले, ग्रेटा थुनबर्गला उचलून नेतानाची छायाचित्रं जगभर गेली, पण गाव गेलं आणि कंपनीचं काम अडलं नाही. आधी काहीतरी खरोखर सोडलं होतं, म्हणून हे निभावलं असं मला वाटतं. आंदोलकांतल्या माझ्या शेजारणीला हे मत अजिबात मान्य नाही; तिच्या मते कंपनीने बुडत्या धंद्याची शेवटची आठ वर्षं मोठेपणा दाखवून विकली. तिचंही अगदीच चुकत नसावं.

हे वाचून जर्मनी म्हणजे संवादाचं नंदनवन असं कोणी समजू नये. हवामानबदलाविरुद्ध रस्त्यावर हात चिकटवून बसणाऱ्या तरुणांना बवेरिया राज्यात गुन्हा घडण्याआधीच तीस-तीस दिवस डांबता येतं, आणि अडकलेले मोटारचालक त्यांना जी भाषा वापरत ती इथे लिहिता येणार नाही. आंदोलकही सगळे साधुसंत नाहीत. 1995 मध्ये ग्रीनपीसने शेलचा ब्रेंट स्पार हा तेलसाठ्याचा तरंगता तळ अटलांटिकमध्ये बुडवू दिला नाही. टाकीत उरलेल्या तेलाचा आपण सांगितलेला आकडा चुकला होता, हे त्यांनी मागाहून मान्य करून माफी मागितली. पण तोवर जर्मन ग्राहकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली होती आणि कंपनीने बेत सोडला होता. शेलकडे ब्रिटिश सरकारची परवानगी होती, तज्ज्ञांचे अहवाल होते. लोकांना मात्र हे प्रकरण कळलं ते आंदोलकांकडून.

म्हणून मी मित्राला बर्लिनजवळच्या ग्र्युनहाइडेची गोष्ट सांगितली. टेस्लाने तिथला कारखाना नोव्हेंबर 2019 मध्ये जाहीर केला. जागा पिण्याच्या पाण्याच्या संरक्षित क्षेत्रात, त्यात पाइनचं जंगल तोडायचं. चारशेच्या वर लेखी हरकती आल्या. सप्टेंबर 2020 मध्ये एर्कनरच्या सभागृहात त्यांची सुनावणी सुरू झाली आणि ती आठ दिवस चालली. एका बाजूला हरकतदार, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं, मध्ये राज्याचे अधिकारी. पाणी किती उपसणार, गळती झाली तर काय, रंगकामाच्या विभागातून हवेत काय जाणार, असे प्रश्न एकामागून एक. लोकांचं समाधान झालं असं मुळीच नाही. अंतिम परवाना मिळेपर्यंत कंपनीने स्वतःच्या जोखमीवर बांधकाम केलं. नाकारला असता तर सगळं पाडून जागा पूर्ववत करायची, ही अट होती.

फेब्रुवारी 2024 मध्ये विस्ताराविरुद्ध गावाने कौल दिला, सुमारे दोन तृतीयांश मतांनी. तो बंधनकारक नव्हता. जंगलात झाडांवर तंबू आले. मार्चमध्ये एका अतिडाव्या गटाने विजेचा मनोरा पेटवला आणि कारखाना आठवडाभर बंद पडला. मस्क साहेबांनी नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. पण खाली, कारखान्यात, शहाणपण शिल्लक असावं: वृक्षतोड जवळजवळ निम्म्यावर आणलेला आराखडा मे महिन्यात गावाच्या परिषदेने मंजूर केला. जाळपोळ करणारे आणि मत देणारे यांना कंपनीने एका पोत्यात भरलं असतं तर तो मंजूर झाला नसता, असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे या. रत्नागिरी रिफायनरीची कंपनी 2017 मध्ये स्थापन झाली, वर्षाला 60 दशलक्ष टनांची, तीन लाख कोटींची. नाणारची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली. मग बारसू. तिथल्या सड्यावरची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाची यंत्रं पोलिसांच्या गराड्यात आली. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पुढे अश्रुधूर झाला. गावकऱ्यांची तक्रार ऐका: प्रकल्पाची बातमी आम्हाला कळायच्या आधी जमिनी घेणाऱ्या परक्या माणसांना कळली होती. ही तक्रार एकदा मनात बसली की पुढे कितीही चांगला अभियंता पाठवा, त्याला कोणी खुर्ची देत नाही.

ग्र्युनहाइडेत सरकारी जंगल होतं, कोणाचं घर, कलमं, बंदर जात नव्हतं. तुलना तंतोतंत नाही हे मला कळतं. तरी स्टरलाइटचं काय करायचं? रत्नागिरीत तांब्याच्या त्या कारखान्याला 1993 मध्ये लोकांनी विरोध केला, बांधकाम थांबलं. कंपनीने गाशा गुंडाळून तमिळनाडूतलं थुतुकुडी गाठलं. जोखमीच्या तक्त्यावर ही ओळ 'निकाली' अशीच गेली असणार. 22 आणि 23 मे 2018 ला तिथे पोलीस गोळीबारात तेरा माणसं मेली, आठवड्याच्या आत कारखान्याला टाळं लागलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते काढायला नकार दिला. विरोध रत्नागिरीत सोडून आलो असं त्यांना वाटलं होतं. प्रदूषणाचा प्रश्न तर यंत्रांबरोबरच गेला होता.

"हे सगळं ठीक आहे," मित्र म्हणाला, "पण आठ दिवस सुनावणी करायला आमच्याकडे वेळ कुठे आहे?" ग्र्युनहाइडेचा कारखाना मार्च 2022 मध्ये सुरू झाला, घोषणेपासून अडीच वर्षांच्या आत. रिफायनरीची अजून वीटही नाही. हे दोन आकडे टिपणात पहिल्या ओळीत घाल, म्हटलं.

आणि एक खर्चाची बाब सुचवली. आपल्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा फक्त सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. तू तो अख्खा मराठीत कर, ग्रामपंचायतीत ठेव, आणि सुनावणीच्या महिनाभर आधी जनसंपर्कवाल्याला नको, सांडपाण्याचा प्लांट चालवणाऱ्या माणसाला तिथे रोज बसव. तो थोडा वेळ गप्प होता. "आमच्या कायदा विभागाला हे चालणार नाही," म्हणाला, "मग लोक एकेका पानावर प्रश्न विचारतील."