पाटी मराठीत हवीच, पण पुडीवर काय?

पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतले गेले, तरी कुठे कोणती भाषा हवी हा वाद महाराष्ट्रात धुमसतोच आहे. मी मराठीच्याच बाजूची. पण तो वाद कॅलिफोर्नियातून वाचताना एक गोष्ट सलते: सांगितलेले समोरच्याला कळले का, हे कुणी विचारत नाही.

इथले नेहमीचे उदाहरण औषधाच्या लेबलाचे. इंग्रजीत ‘वन्स’ (once) म्हणजे एकदा, स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांचा शब्द म्हणजे अकरा. २०१६ पासून इथल्या औषध दुकानांना, रुग्णाने मागितल्यास, लेबलवरची सूचना स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन किंवा व्हिएतनामीत द्यावी लागते, सोबत इंग्रजीही. मराठी त्या यादीत नाही, आणि मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना ते जाणवते.

मात्र मेळघाटातल्या कोरकू आणि भामरागडच्या माडिया आदिवासींना मराठीच परकी. तिथे आपण ‘इंग्रजीवाले’ असतो. ‘अडीच मिली’, ‘पाऊण ग्लास’ हे शब्द मराठी शाळेत न गेलेल्याने कुठून ओळखावेत? ‘परवा’ तर गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. तारीखच लिहावी.

जुलाबात पाण्यात मिसळून द्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीचे, म्हणजे ओआरएसचे पाहा. सुमारे २१ ग्रॅमचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी, ४ ग्रॅमच्या आसपासचे छोटे २०० मिलीसाठी. मोठे पाकीट एका ग्लासात ढवळले, तर द्रावण पाचपट तीव्र होते, बाळाच्या रक्तात सोडियम चढते आणि जुलाबही वाढू शकतात. पाकिटावर सगळे छापलेले असते, पण आईला ते वाचता येत नाही. नुसते तोंडी सांगितले, तर संध्याकाळी द्रावण करणारी सासू तेव्हा तिथे नव्हती.

म्हणून दोन्ही हवे. आधी बोलून, पाकीट हातात देऊन सांगावे. ‘कळलं का?’ विचारू नये. त्याला मान डोलतेच. ‘घरच्या कुठल्या भांड्यात, किती पाणी घ्याल ते दाखवा’ म्हणावे. चूक झाली, तर पुन्हा आपणच दाखवावे. मग घरी न्यायला कागद: आकडे, सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र. पातळ औषधाच्या सिरिंजवर २.५ मिलीच्या रेघेला न पुसणाऱ्या पेनाने खूण, कारण घाईत २.५ मधला टिंब दिसत नाही. द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचे, जुलाबावर सोबत दिलेले झिंक मात्र जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायचे. या दोन गोष्टी नुसत्या चित्रातून कळत नाहीत. त्या कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आशाताईनेच सांगाव्यात.