हात सोडायचे पण पैसे

क्यूआर कोड. ताशी 70 माइलला. आय-94 वर कॅलमझूच्या पुढे, उजवीकडे ट्रक, पुढे ट्रक, मागच्या सीटवर कोल्हापूरहून आलेले सासूसासरे, आणि समोर स्क्रीनवर काय, तर क्यूआर कोड. तुमची ट्रायल संपली आहे, हँड्स-फ्री (म्हणजे गाडी हायवेवर स्वतः चालते, आपण हात सोडून बसायचं, ते) चालू ठेवायला फोनने स्कॅन करा.

फोनने स्कॅन करा! अरे नालायकांनो, हाच तो तुमचा कॅमेरा ना, मी फोनकडे नुसतं तिरकं बघितलं तरी बोंब मारणारा? दिवा लाल, टण टण टण, आणि तरी ऐकलं नाही की रुसून सगळं बंद, जा आता स्वतः चालव. आणि आज तोच मला सांगतोय की फोन काढ, समोर धर, स्कॅन कर, लॉगिन कर, पासवर्ड विसरला असशील तर ईमेल बघ, मग कार्ड नंबर टाक, मग सीव्हीव्ही टाक. सीव्हीव्ही कार्डाच्या मागे असतो, कार्ड पाकिटात असतं, पाकीट मागच्या खिशात असतं आणि मी त्यावर बसलेलो असतो. कोणी बनवला हा स्क्रीन? ज्याने बनवला त्याला लायसन्स आहे का?

बरं, हे सकाळी ड्राइव्हवेमधे गाडी सुरू करताना सांगता आलं असतं. ॲन आर्बरला गॅस भरताना सांगता आलं असतं, तिथे मी मोकळाच उभा होतो. नाही. ऐन ट्रकच्या शेजारीच यांना वसुली आठवली. आणि तो पॉपअप कुठे, तर बरोब्बर मॅपवर. आणि त्यात ‘नको’ असं बटणच नाही, एक ‘आत्ता घ्या’ आणि एक ‘नंतर आठवण करा’. मी ‘नंतर’ दाबलं. यांच्या हिशोबात नंतर म्हणजे पुढचा एक्झिट.

मागून सासरे म्हणाले, काय हो, बंद पडली काय गाडी?

म्हणलं नाही बाबा, पैसे मागतेय.

टोल काय?

हो बाबा, टोलच.

मग धरा की हातानं. त्यात काय एवढं.

यावर उत्तर नाही. अंबा घाट या माणसाने ॲम्बॅसिडरमधून पावसाळ्यात, एक हात हॉर्नवर आणि एक गिअरवर ठेवून इतक्या वेळा उतरलाय की त्यांना मी सरळ रस्त्यावर हात सोडायचे पैसे देतो हे समजावून सांगणं माझ्याच्याने होणार नाही. बायको बाजूला खिडकीबाहेर बघून हसत होती, ते वेगळंच.

आणि आता विषय निघालाच आहे तर तो गॉगल. शिकागोकडे दुपारनंतर निघालं की सूर्य थेट डोळ्यात. गॉगल लावला की कॅमेऱ्याला माझे डोळे दिसत नाहीत, काढला की मला रस्ता दिसत नाही. ठरवा बाबांनो, दोघांपैकी गाडी नक्की कोण चालवतंय ते. थर्मासचं झाकण उघडायला मान खाली, टण. सासूबाई मागून चकली देतायत म्हणून मान मागे, टण. जांभई दिली, टण. साइड मिररमधे जरा जास्त वेळ बघितलं, जे बघणं मला ड्रायव्हिंग टेस्टमधे शिकवलं होतं, टण! हात मोकळे दिलेत पण मान, डोळे, भुवया सगळं यांच्या ताब्यात, हॉस्टेलच्या रेक्टरसारखा तो कॅमेरा सतत दारात उभा. पूर्वी मी गाडी चालवताना निदान आकाशात ढग बिग बघायचो.

याहून मोठा ताप म्हणजे आमचे इथले लोक. नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, या डेट्रॉइटजवळच्या सगळ्या पट्ट्यात दर दुसरा मराठी माणूस गाड्यांच्या कंपनीत, आणि त्यातला दर दुसरा याच ॲडासच्या, म्हणजे गाडी चालवायला मदत करणाऱ्या सिस्टिमच्या, भानगडीत. कोणी कॅमेरा करतो, कोणी रडार करतो, कोणी नुसत्या टेस्ट केसेस लिहितो पण बोलतो सगळ्यात जास्त तोच. गणपतीच्या महाप्रसादाला माणसाने मसालेभाताकडे लक्ष द्यावं की नाही? नाही, हे पानावर बसल्याबसल्या सुरू. 2023 च्या जानेवारीत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने अशा 12 सिस्टिम तपासल्या आणि फोर्डच्या ब्लूक्रूझला पहिला नंबर दिला, हे फोर्डवाला अजून सांगतो, स्वतःच्या मुलाचा दहावीचा निकाल असल्यासारखं. मग जीएमवाला म्हणणार की दुसरे होतो ना आम्ही, आणि आमची सुपर क्रूझ 2017 पासून रस्त्यावर आहे कॅडिलॅकमधे, तुम्ही तेव्हा कुठे होतात, आणि हात सोडता येतील अशा रस्त्यांचा मॅप आमचा मोठा, 2024 ला आम्ही साडेसात लाख माइलपर्यंत नेणार म्हणून जाहीर केलंय. अरे हो रे, साडेसात लाख माइल, मला त्यातले घर ते ओ’हेअर एअरपोर्ट एवढेच लागतात आणि त्यात पण मधे मधे तुटतंय.

आणि टेस्लावाला. तो यादीत सातवा होता हे कोणी म्हणलं की ताट बाजूला. ती यादी जुनी झाली, तेव्हाचं सॉफ्टवेअर वेगळं, आताचं बघ, माझी गाडी पार्किंगमधून निघून पार्किंगमधे जाते. आणि त्या 2023 च्या डिसेंबरमधे वीस लाख गाड्यांचं रिकॉल, ते का झालं होतं रे? ड्रायव्हरचं लक्ष आहे की नाही हे बघायची सोय अपुरी म्हणूनच ना? तर म्हणतो ते रिकॉल नव्हतं, अपडेट होतं. बरं बाबा. खा जिलबी.

एक मर्सिडीजवाला पण आहे, म्हणजे त्याच्याकडे मर्सिडीज नाही, त्याचा भाऊ कॅलिफोर्नियात आहे त्याच्याकडे आहे. तो म्हणतो तुम्ही सगळे लेव्हल टूवाले, हात सोडले तरी रस्त्याकडे बघत बसायचं, आमच्याकडे लेव्हल थ्री आलं, रस्त्याकडे बघायची पण गरज नाही. हो, पण कुठे? कॅलिफोर्निया आणि नेवाडात. ताशी 40 माइलच्या आत. दिवसा. पाऊस नको. म्हणजे ट्रॅफिक जॅममधे उन्हात उभं असताना इकडेतिकडे बघायला परवानगी. ते आमच्या मुंबईच्या लोकलमधे उभ्या उभ्या फुकट व्हायचं.

सगळ्यात मजा म्हणजे 2024 च्या मार्चमधे आयआयएचएसने, म्हणजे इथल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षेच्या संस्थेने, या सगळ्यांची परीक्षा घेतली, 14 सिस्टिम, त्यातल्या 11 ‘पुअर’, दोन काठावर, एक लेक्सस तेवढी बरी आणि ‘गुड’ एकही नाही. मी हे वाचून इतका खूष झालो की बायकोला झोपेतून उठवून सांगणार होतो. मग खाली वाचलं की नापास कशात, तर ड्रायव्हरवर नजर ठेवण्यात. म्हणजे हे पुरेसे टोचत नाहीत! अजून टोचा म्हणतात! माझ्या भुवया आधीच यांच्याकडे गहाण आहेत आणि वर हे.

आणि राग येतो तो याचाच, की त्यांचं खोटं पण नाही. त्याच वर्षी सॅन अँटोनिओला आणि मग फिलाडेल्फियाला, रात्रीच्या वेळी, हात सोडलेल्या गाड्या रस्त्यात थांबलेल्या गाड्यांवर जाऊन आदळल्या, माणसं गेली, मग सरकारी चौकशी लागली. यांच्या रडारला हायवेवर उभी गाडी ओळखणं अवघड जातं हे महाप्रसादाला कोणी पहिल्या वाक्यात सांगत नाही. जाहिरातीत तो माणूस हात मांडीवर ठेवून बायकोकडे बघून हसतो. मॅन्युअलमधे बारीक अक्षरात लिहिलंय की जबाबदारी सगळी तुमची. हात माझे मोकळे, हप्ता माझा, आणि ठोकली तर ती पण मीच ठोकली.

बरं ही सगळी तुलना करतात कुठे? स्वच्छ पांढऱ्या पट्ट्या, निळं आकाश, मोकळा रस्ता. इकडे या ना मिशिगनमधे. हिवाळाभर मीठ टाकून टाकून आणि बर्फाचा नांगर फिरवून फिरवून पट्ट्या पुसल्यात, आणि बर्फ वितळला रे वितळला की रस्तादुरुस्तीचे नारिंगी ड्रम उगवतात. जुनी पट्टी एकीकडे जाते, नवी तात्पुरती पट्टी दुसरीकडे, गाडी दोघींच्या मधे विचार करत बसते आणि मग अगदी शेवटच्या क्षणी माझ्या हातात देते. चाळीस मैल आरामात नेलंस ना बाई, मग नेमकी जिथे मदत हवी तिथेच कशी काय अंग काढून घेतेस? आणि पुढे गॅरीजवळ तो बोरमन एक्स्प्रेसवे, नुसते ट्रक, डोंगराएवढे. माणूस ट्रकच्या बाजूने जाताना आपोआप जरा पलीकडे सरकतो, ते कोणाला शिकवावं लागत नाही. ही बरोब्बर लेनच्या मध्यावर, जशी काय पट्टी लावून आखलेली, आणि ट्रकचं चाक माझ्या खिडकीत. फोर्डच्या पुढच्या व्हर्जनला ट्रकपासून सरकायची अक्कल घातली म्हणे. सासूबाईंनी तोवर अथर्वशीर्षाची दोन आवर्तनं संपवली.

पुण्यातला मावसभाऊ तर वेगळंच रडतो. त्याच्या एसयूव्हीत ॲडास आहे, हात सोडायचा प्रश्नच नाही तिथे, नुसतं लेन पकडते आणि ब्रेक मारते. एक्स्प्रेसवेला पुढे कोणी इंडिकेटर न देता घुसलं की ही करकचून ब्रेक, आणि मागचा टेम्पोवाला ज्या शिव्या देतो त्या याला खाव्या लागतात. म्हणून तो गाडीत बसला की आधी सीटबेल्ट, मग गणपतीला हात, मग ॲडास बंद. समृद्धीवर मात्र चालू करतो म्हणे, कारण नागपूरपर्यंत 701 किलोमीटर सरळ बघत बसलं की झोप येते. तेवढं पटलं मला.

तर आय-94 वर, पॉपअप तिसऱ्यांदा आल्यावर, माझा तोल गेला. मी गाडीला मराठीतून जे बोललो ते इथे लिहीत नाही, सासूसासरे मागे होते हे मी विसरलो होतो. त्यावर व्हॉइस असिस्टंट अतिशय अदबीने म्हणाली की जवळपास तीन मेक्सिकन रेस्टॉरंट्स आहेत. सासरे म्हणाले, हिला कळतं वाटतं आपलं. बायको आता आवाज करून हसायला लागली. आणि मी, शिंगं मारणाऱ्या बैलाकडे बघावं तसं त्या स्क्रीनकडे... जाऊ दे. मेक्सिकन चांगलं होतं. सासऱ्यांना हॅलपीनो आवडली, पण लवंगी मिरचीपुढे काहीच नाही म्हणाले.

आणि त्यानंतर दोन तास मी हाताने चालवली. काही झालं नाही. पाय दुखला थोडा. खांदा दुखला. शिकागोच्या ट्रॅफिकमधे ब्रेक-ॲक्सिलरेटर ब्रेक-ॲक्सिलरेटर करताना त्या भवानीची इतकी आठवण आली की लाज वाटली, कारण जॅममधे ती खरंच सुंदर चालवते, माझ्यापेक्षा शांत, कोणी घुसलं तर त्याच्या खानदानाचा उद्धार करत नाही, अंतर ठेवते, थांबते, निघते. म्हणून तर चिडलोय. बेकार असती तर कधीच सोडली असती.

पण पैसे कशाचे हे कोणी सांगेल का? कॅमेरे गाडीत आहेत, रडार गाडीत आहे, त्या सगळ्याचे मी गाडी घेताना मोजलेत, हप्ता अजून चालू आहे. बीएमडब्ल्यूने 2022 ला काही देशांत गरम सीटचे महिन्याला पैसे लावले होते, लोकांनी इतकं धुतलं की पुढच्या वर्षी गुंडाळलं. त्याला लोक उठले. आणि इथे सगळे गुपचूप कार्ड काढतात. फोर्ड 75 डॉलर महिना घ्यायचं ते 2024 ला 50 वर आणलं, टेस्ला 199 चं 99, म्हणजे आधीचा आकडा कुठून आला होता, ज्योतिषाकडून? उद्या वायपरला लावतील. पाऊस सुरू झाला की क्यूआर कोड.

परतीचा प्रवास शुक्रवारी आहे, तो पण रात्रीचा, सासूसासरे सॅन फ्रान्सिस्कोला गेले मेहुण्याकडे त्यामुळे शिव्यांना आडकाठी नाही. असं पैसे भरून हँड्स-फ्री कोणाकडे असेल तर एवढंच सांगा की वर्षाचं एकदम घेतलं तर मधे बंद करता येतं का, आणि कार्ड आपोआप रिन्यू होतं ते कुठल्या मेनूत बंद करायचं. टेस्लावाल्यांनी उत्तर द्यायची गरज नाही.