पंचांचा धाक, पोलिसांचा कागद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि बोचरीही. खाली 'धन्यवाद' टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केला तसा कायदा इतर राज्यांनीही करावा, केंद्राकडे बघत बसू नये, असं मी लिहिलं होतं आणि निवेदनावर सह्या मागितल्या होत्या. तुम्ही सही द्यायला नकार दिलात. तुमचं म्हणणं असं: तुम्ही भटक्या जमातीत वाढलात. पोलिस तुमच्या लोकांना जन्मजात चोर समजत, तेव्हा पंच हेच तुमचं कोर्ट होतं. आता शिकलेले शहरी लोक गरिबांच्याच पंचायतीवर टपलेत. शिवाय जुने कायदे आहेतच. आणि नवा कायदा लावला तरी पंच संध्याकाळपर्यंत जामिनावर बाहेर, तक्रार करणारा मात्र कायमचा एकटा.

पंचायत का टिकली याबद्दल मला तुमच्याशी वाद घालायचाच नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. तो कायदा रद्द झाला 1952 साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ज्यांना ठाण्याच्या पायरीवरच लाथ बसायची त्यांनी आपले तंटे आपल्या पंचांपुढे, मढीच्या जत्रेत बसून सोडवले यात नवल काय? कोर्टाची तारीख आणि वकिलाची फी आजही त्यांच्या आवाक्यात नाही.

पण महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा पंचायत भरवायला बंदी करत नाही. हे मागच्या लेखात आलं होतं, बहुधा नजरेतून निसटलं. चार म्हाताऱ्यांनी बसून नवरा-बायकोचं भांडण मिटवावं, उधारीचा हिशोब लावावा, कायद्याचं काही म्हणणं नाही. निकाल मान्य न करणाऱ्याला जातीबाहेर काढलं, की तिथे गुन्हा सुरू होतो. तसा ठराव करण्यासाठी जमणं बेकायदा, आणि चर्चेत बसून बाजूने मत देणाराही आरोपी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि 'गरिबांच्या पंचायतीवर टपलेत' म्हणाल, तर कोकणात या. रायगड-रत्नागिरीकडची गावकी, म्हणजे गावाची पंचायत, काही भटकी नाही. जमीनजुमला असलेली, मुंबई मंडळाची पावती फाडणारी मंडळी असतात ती. तिथे वाळीत टाकण्याचा ठराव क्वचितच कागदावर येतो. शिमग्याची पालखी घराघरांत थांबत येते आणि एका अंगणासमोरून न थांबता पुढे जाते, तेवढ्यावर गावाला कळतं. मग गिरणीवाला दळण घेत नाही. वाडीतला रिक्षावाला 'भाडं आहे' म्हणून निघून जातो. गणपतीत आरतीला घरचीच चार डोकी. मयत झाली तर खांदा द्यायला पाहुणे बाहेरगावाहून बोलवायचे. आणि जो कोणी त्या घराशी बोलेल त्यालाही दंड. बहिष्काराची सगळी ताकद या शेवटच्या नियमात आहे. शेजाऱ्याचं मनापासून वैर नसतं, पण बोलणं त्याला परवडत नाही.

'शेवटी कोणाशी बोलावं हा ज्याचा त्याचा हक्क' असंही तुम्ही म्हणता. अगदी मान्य. मला एखाद्या दुकानात जायचं नसेल तर मी जाणार नाही, कायदा मला ओढून नेणार नाही. पण मी गेलो म्हणून तिसराच कोणी माझ्याकडून दंड वसूल करू लागला, तर माझाही हक्क उरला नाही.

जुने कायदे पुरेसे आहेत का, हा तुमचा सर्वांत कसदार मुद्दा. म्हणून इथे जरा थांबतो. 1955 चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याला 1976 पासून आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, तो अस्पृश्यतेपुरता आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला, पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच. दोन्ही कायदे आवश्यक आहेत, त्यांना हात लावू नये. मात्र आपल्याच भावकीने, आपल्याच जातीच्या पंचांनी वाळीत टाकलं तर दोन्ही गप्प. मग तेव्हाच्या भारतीय दंड विधानातली खंडणीची, धमकीची कलमं ओढूनताणून लावायची. महाराष्ट्राचा कायदा 2017 मध्ये लागू होण्याआधी अशा एका कुटुंबाबरोबर मी ठाण्यात बसलो आहे. अंमलदार भला माणूस होता, चहा पाजला त्याने. पण विचारायचा एकच प्रश्न: "मारहाण झाली का? नाही ना? मग लिहू काय?" शेवटी अदखलपात्र नोंद झाली, तिची प्रत हातात आली आणि आम्ही घरी. 'गावात आमच्याशी कोणी बोलत नाही' हे वाक्य बसेल असा रकानाच त्याच्याकडे नव्हता. आज आहे. मुलांना त्या घरातल्या मुलांशी खेळू न देणं, लग्न किंवा अंत्यविधी अडवणं, धंद्याचे संबंध तोडायला लावणं, अमुकच कपडे घाला म्हणून सक्ती करणं, अशा कृतींची यादीच कायद्यात दिली आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे.

हे शहरी लोकांचं खूळ नाही, हेही सांगायला हवं. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी तोडणं, वाटा बंद करणं, वाण्याने माल न देणं हे सगळं त्या समितीने नोंदवलं. पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि कलमांचा मसुदाही दिला, ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून जवळजवळ उचललेला. तेव्हा बहिष्कार वरच्यांकडून खालच्यांवर होता. गिरणी, वाण्याचं दुकान आणि वाट ही हत्यारं तीच राहिली, जातीच्या आतही तीच चालतात.

राज्यानेच का करायचा? कारण राज्याने आधी करून पाहिला आहे आणि तो पडलाही आहे. मुंबई राज्याचा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा 1949 चा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे सय्यदनांनी, त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द ठरवला; विरोधात होते सरन्यायाधीश सिन्हा. धर्मसंस्थेला आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचा हक्क आहे, हे कारण. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. म्हणजे नवा कायदा लिहिताना कुठे ठेच लागते हे आपल्याला ठाऊक आहे. इतर राज्यांनी ते वाचून लिहावं, एवढंच माझं मागणं. गावकी, खाप, जातपंचायत, प्रत्येक प्रदेशाची तऱ्हा वेगळी; दिल्लीत बसून एकाच मापाचा अंगरखा शिवला तर तो कोणालाच बसणार नाही.

कायद्याने मनं बदलत नाहीत, हे तुमचं वाक्य मी डॉ. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांकडूनही ऐकलं आहे. जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान 2013 मध्ये सुरू झालं ते नाशिकच्या एका गरोदर मुलीच्या खुनानंतर. आंतरजातीय लग्न केलं म्हणून बापानेच तिचा गळा आवळला होता. त्याच ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तरी कार्यकर्ते पंचांशी बोलत राहिले आणि काही पंचायती स्वतःहून बरखास्त झाल्या. संवादाने हे घडलं, मान्य. पण कंजारभाट समाजातली तरुण मुलं 2018 मध्ये नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उभी राहिली तेव्हा पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना लग्नाच्या मांडवातच मार बसला. त्या रात्री त्यांना पंचांचं मनपरिवर्तन नको होतं, गुन्हा नोंदवणारा अधिकारी हवा होता. ही मुलं माझ्यासारखी बाहेरून आलेली नव्हती. पंचायत ज्यांची, तीच.

आता जामीन. गुन्हा जामीनपात्र आहे, हे तुमचं खरं. मला त्याहून मोठी खोट दिसते ती तडजोडीच्या तरतुदीत. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं. वाचायला छान. पण ज्याच्या मुलीचं लग्न अडलं आहे, ज्याच्या घरी दळण येत नाही, त्याची संमती म्हणजे काय? सगळा गाव एकीकडे आणि हा एकटा, सही न करून सांगतो कोणाला? आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायद्यात आहे, पण सहा महिने वाळीत राहून दाखवा म्हणावं. त्यामुळे निवेदनात मी दोन गोष्टी घालतो आहे. संमती घेण्याआधी न्यायाधीशांनी पीडिताला एकट्याला, पंच आणि त्यांचे वकील नसताना विचारावं. आणि खटला संपेपर्यंत रेशन, पाणी, शाळा, स्मशान हे चालू आहे की नाही याचा अहवाल सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याने दर महिन्याला द्यावा.

पोलिसांबद्दलचा तुमचा अविश्वास कुठे बसवायचा हे मात्र मला एकट्याला जमत नाही. भटक्या-विमुक्त तक्रारदाराला ठाण्यात उलट दमदाटी होऊ नये म्हणून कलम हवं: जबाब कोणापुढे, कोणाला बरोबर घेऊन, कुठे. ते तुम्ही लिहा. मसुदा पुढच्या रविवारी पक्का करतोय, त्याआधी पाठवलंत तर तुमच्याच शब्दांत घालीन. सही नंतर वाचून द्या, नाहीतर नका देऊ.