एकदा लावा, विसरून जावा

“बारमाही हाय सर. एकदा लावा, विसरून जावा.”

नर्सरीवाला हे बोलला तेव्हा त्याच्या गालात मावा होता, त्यामुळे वाक्य जरा ओलं होऊन आलं. पण मला ते एकदम पटलं. एकदा करून विसरून जावं अशी कामं माझ्या वाट्याला फारशी आलेली नाहीत. घराचं कर्ज एकदाच काढलं होतं, ते अजून दर महिन्याच्या पाच तारखेला भेटायला येतं. सेवापुस्तकातली जन्मतारीख एकदा दुरुस्त करून घेतली, ती पुन्हा बिघडली. तेव्हा विसरता येईल अशी वस्तू कुणी विकतोय म्हटल्यावर मी एक नाही, सहा घेतल्या. मोगरा, जास्वंद, गुलाब, अबोली, अनंत आणि रुंद हिरव्या पानांचा एक कंद.

“हे मे फ्लॉवर. लाल चेंडूसारखं फूल येतंय. औंदाचं होऊन गेलं. कंद हाय, हे तर मरतच न्हाई.”

मृग नुकता लागला होता. आभाळ रोज दुपारी येऊन बसायचं आणि चहा न घेताच निघून जायचं. मी सहा कुंड्या आणल्या, त्यांवर ऑइलपेंटने १ ते ६ आकडे घातले (शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हजेरीपटाशिवाय चैन पडत नाही) आणि मित्राच्या शेतातून पोतंभर काळीभोर माती मागवली. माती काय होती! मुठीत दाबली की लाडू वळला जायचा. तो लाडू बघून मला अभिमान वाटला, यावरूनच पुढचं सगळं ओळखावं.

आता पाण्याचं सांगतो. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून निघून आमच्या नळापर्यंत पोचेतो त्याला रात्रीचे अडीच वाजतात. उजनी आमच्याकडे नात्यातल्या आजारी माणसासारखी आहे. सकाळी दोघं भेटले की आधी तिची चौकशी, “किती टक्के?” धरण ११७ टीएमसीचं, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळचं पाणी, म्हणून उन्हाळ्यात टक्केवारी शून्याच्याही खाली उतरते. उणे तीस टक्के ऐकून सोलापूरकर दचकत नाही, तो ड्रम धुवायला घेतो.

आणि पाणी येणार म्हटलं की घरातलं शिळं पाणी ओतायचं, हा इथला धर्म आहे. पिंप, घागर, तीन बादल्या, दोन कळशा, माठ, सगळं रिकामं झाल्याशिवाय नव्या पाण्याला घरात प्रवेश नाही. आजवर ते मोरीत जात असे. आता झाडं आली होती. दर पाचव्या रात्री अडीच वाजता बनियनवर, झोपेत, मी बारा बादल्या गच्चीवर नेऊन सहा कुंड्यांत रिकाम्या करू लागलो. मधल्या दिवसांत झाडं उपाशी राहतील या काळजीने सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या वेगळा.

महिन्याभरात पाच नंबर, म्हणजे अनंत, पिवळा पडला. तहान लागली असणार, म्हणून मी तांब्याचा डबा केला.

आमच्या गच्चीला लागून अक्कांची गच्ची आहे, मध्ये फक्त कंबरेएवढा कठडा. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही मागावरचं. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. त्यांची झाडं रंगाच्या डब्यांत, तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत, एक तर कान तुटलेल्या माठात. पण अबोली अशी की रोज वेणी होऊन वर उरायची. एका सकाळी त्यांनी कठड्यावरून हाक मारली.

“सर, काय करालाव?”

“पाणी घालतोय.”

“कुणाला?”

उत्तराची वाट न बघता त्या पाय टाकून अलीकडे आल्या, अनंताच्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं, बाहेर काढलं आणि माझ्या चष्म्यासमोर धरलं. बोटाला खाली लोण्यासारखा काळा चिखल होता.

“याला पोहायला शिकवा आता.”

मी भूगोल शिकवतो. ‘काळी मृदा ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते’ हे वाक्य मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याकडं, परतीच्या पावसावर रब्बी ज्वारी पेरतात आणि पुढं बहुतेक मातीत मुरलेल्या ओलीवरच ती कणसाला येते, हे उदाहरण मी दरवर्षी रंगवून सांगतो. ओलाव्याचा मुद्दा ज्यांनी लिहिला नाही त्यांचा अर्धा गुण कापलाय. ज्या मातीला एक पाऊस ज्वारीच्या अख्ख्या हंगामाला पुरतो, तिला मी दिवसातून दोनदा पाणी पाजत होतो. अक्कांनी माझे किती कापले ते मी विचारलं नाही.

“आणि खालनं पाणी कुठनं जातंय?” त्यांनी कुंडी तिरकी केली.

इथं एक कबुली द्यावी लागते. कुंडीच्या तळाला भोक असतं. त्यातून गढूळ पाणी येऊन गच्चीवर डाग पडतात अशी घरात तक्रार झाली, म्हणून मी ती सहाही भोकं एम-सील लावून बुजवली होती. काम इतकं सफाईदार झालं होतं की बोटानं चाचपूनही कळू नये. अक्का यावर मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी जिन्यात तोंड घालून तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि त्यांचे मिस्टर, अर्धी दाढी झालेली असताना, खालून बघायला आले.

भोकं मोकळी केली. पाच नंबर मात्र आणखी पिवळा होत गेला. पानं नकाशावरच्या पठारासारखी पिवळी आणि शिरा तेवढ्या नद्यांसारख्या हिरव्या. स्टाफरूममध्ये पान दाखवलं तर विज्ञानाच्या सरांनी डबा खातखातच निदान केलं, “लोह. मातीत आहे, पण झाडाला मिळत नाही. आपली माती चुनखडीची, पाणी जड. अनंताला आंबट माती लागते. हिराकस घाल, लिटरला दोन ग्रॅम.”

हिराकस शेती-औषधांच्या दुकानात मिळतो. दुकानदाराने पेन कानावरून काढलं.

“किती एकर?”

“एक कुंडी.”

त्यानं पेन परत कानावर ठेवलं. मागे शेतकऱ्यांची रांग होती, ती एका क्षणात माझ्याकडे बघू लागली. लाजेनं मी एक किलोची पिशवी घेतली. दोन ग्रॅमच्या हिशोबाने ती पाचशे लिटर पाण्याला पुरेल, म्हणजे निवृत्तीनंतरचीही सोय झाली. अनंताला त्यातलं एकदाच मिळालं. गणपतीच्या दिवसांत तो गेला. उपटला तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास गटारीचा. लोहाचं दुखणं होतंच, पण जीव घेतला तो पाण्यानं. ज्या गावात टँकरचा हॉर्न ऐकून माणसं कळशा घेऊन पळतात, त्या गावात माझं झाड बुडून मेलं.

उरलेल्यांना मी नवी माती केली. एक वाटा काळी, एक वाटा मुरूम, एक वाटा शेणखत, आणि भोकावर खापरीचा तुकडा, म्हणजे पाणी जाईल पण माती राहील. नियम अक्कांचा. आधी बोट, मग तांब्या. कोरडं लागलं तर घालायचं, ओलं लागलं तर हात धुवायचे. आठवडाभरात माझ्या तर्जनीच्या नखात कायमची काळी रेघ बसली. मतदान करून आल्यासारखा हिंडत होतो.

गुलाबाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू फारच पडकी आहे. “सर, गुलाबावर मावा पडलाय,” असं अक्का म्हणाल्या तेव्हा मी वर बघितलं. आमच्या वर मजला नाही. मग शेजारच्या उंच इमारतीकडं संशयाने बघितलं. पुढं कळलं की हा मावा वेगळा. कोवळ्या शेंड्यांवर चिकटलेले मोहरीहून बारीक हिरवे किडे, आणि त्यांच्यातून पाझरणाऱ्या गोड चिकटपणासाठी मुंग्यांची येजा. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं. मी फवारलं. वारा कुठून येतोय हे भूगोलाच्या माणसानं आधी पाहायला हवं होतं. मावा तीन दिवसांत गेला, माझे डोळे पाच दिवस लाल होते.

थंडीत सहा नंबरने, म्हणजे मे फ्लॉवरने, मान टाकली. पानं पिवळी पडली, मग वाळली, मग जमिनीला चिकटली. मी बोट घातलं, माती बरोबर होती. मावा नाही, चिखल नाही, भोक उघडं. मी निर्दोष असताना झालेला हा पहिला मृत्यू, त्यामुळे दुःखापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. डिसेंबरअखेर कुंडीत नुसती माती. अक्का एकदा म्हणाल्या, “ती कुंडी नको असली तर मला द्या की.”

“घ्या ना. थांबा, माती काढून देतो.”

“न्हाई न्हाई, माती असू द्या तशीच.”

किती समजूतदार बाई, असं मी घरात येऊन म्हणालो.

मग गड्डा आला, आमची संक्रांतीची यात्रा. होम मैदानावर पाळणे लागले, सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले, अक्षता पडल्या. यात्रेहून शेंगाचटणी आणि खारीबत्तासे घेऊन आलो तर अक्का कठड्यावर कात्री घेऊन उभ्या. “गड्डा झाला की मोगरा कापायचा. पाणी बंद करून ठेवलाव न्हवं?” आठवडाभर पाणी बंदच होतं, म्हटलं तर त्यांच्या सांगण्यावरून आणि म्हटलं तर माझ्या विसरण्यावरून. मी एकेक काडी मोजून, माफी मागितल्यासारखी, टोकाटोकाला छाटत होतो. त्यांनी कात्री काढून घेतली आणि निम्मं झाड खाली पाडलं. राहिलेली पानंही ओरबाडली. उरल्या सात-आठ काड्या. बायको कपडे वाळत घालायला वर आली. “याची मुंज कधी केलीत?”

आणि वर आणखी आठवडाभर पाणी नाही. मला हे क्रौर्य वाटलं, पण शाळेतले सांगोल्याचे सर हसले. त्यांच्याकडे डाळिंबाची बाग आहे. “याला ताण देणं म्हणतात. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटून, खत घालून पाणी सोडायचं. झाडाला वाटतं आता काही खरं नाही, की ते फुलावर येतं. डाळिंबाचा आंबे बहार आम्ही असाच धरतो.” डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच, केगावला आहे, २००५ पासून. म्हणजे झाडाला रीतसर ताण कसा द्यावा हे ज्या जिल्ह्याला तोंडपाठ, त्याच जिल्ह्यात बसून मी वर्षभर झाडाऐवजी स्वतः ताण घेत होतो.

मूठभर शेणखत आणि शेंगापेंड घालून पाणी सुरू केलं. काड्यांच्या प्रत्येक पेरातून दोन-दोन डोळे फुटले आणि मार्चमध्ये एका सकाळी कळ्या. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी अकरा, मग मोजणं सुटलं. रात्री अडीच वाजता पाण्यासाठी उठलो की गच्चीचं दार उघडताच आधी वास यायचा, मग नळाचा आवाज. त्या आठवड्यात मी शाळेत एकाचाही गुण कापला नाही.

एप्रिलात पारा बेचाळीसवर गेला आणि जास्वंद दुपारी कान पाडून बसू लागली. सावली हवी म्हणून मी चार काठ्या रोवून वर चादर बांधली. सोलापुरी चादर, मोरांची, लग्नातली. दोन दिवस झाडं अंधारात होती. तिसऱ्या दिवशी वळवाच्या वाऱ्यात मोर उडाले आणि अक्कांच्या गच्चीवर उतरले. त्यांनी चादर झटकून, घडी घालून परत दिली. माग चालवलेल्या बाईची घडी ती, आमच्या कपाटातली एकही तशी नाही. “ही माणसाला हाय सर. झाडाला जुनं लुगडं बांधा, ऊन गाळून येतंय.” बांधलं. जास्वंदीनं कान वर केले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी अक्कांची हाक आली. “सर, वहिनींना घेऊन या की, एक गंमत हाय.”

आम्ही कठड्याशी गेलो. जिन्याच्या कडेला एक कुंडी होती. एकही पान नाही. कोरड्या मातीतून बोटाएवढा जाड दांडा सरळ वर आलेला आणि त्याच्या टोकाला लालभडक, काट्याकाट्यांचा, मोसंबीपेक्षा मोठा चेंडू. बेचाळीस डिग्रीत तो असा उभा होता, जणू ऊन त्याच्या घरचंच आहे.

“मी काय बी केलं न्हाई,” अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “जिन्याखाली ठेवले आन् विसरून गेले. मातीच चांगली होती.”

बायको वाकून वाकून बघत होती. “किती सुंदर आहे हो! आपण काय मेलं बोडकी मोगऱ्याची काडी घेऊन बसलो. असलं काहीतरी आणायचं सुचलं नाही तुम्हाला?”

कुंडीचा ऑइलपेंटचा आकडा आमच्या बाजूलाच होता. मी “जवळून बघतो” म्हणत कठडा ओलांडला आणि सहा नंबरच्या पुढे, पाय जुळवून, उभा राहिलो.