शहाण्णव कणसं

स्वीटकॉर्नचं बी दिसायला अगदी दरिद्री असतं. सुरकुतलेलं, पिचकलेलं. "जुनं आहे का हो?" म्हणून मी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "गोड मक्याचं असंच असतं साहेब. आत पिठापेक्षा साखर जास्त, वाळलं की आक्रसतं. आणि एकदम सगळं पेरू नका. दहा-दहा दिवसांनी थोडं थोडं पेरा."

पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं. दर दहा दिवसांनी कुदळ मारायची माझ्या कमरेची तयारी नव्हती. गेल्या वर्षी १० जूनला सासवडजवळच्या आमच्या पाव गुंठ्यात, स्वतः खणून, अख्खं पाकीट एका सकाळी पेरून मोकळा झालो.

एका दिवशी पेरलेला मका एकाच दिवशी तयार होतो, हे तिसरीतल्या पोरालाही कळलं असतं. कणसाचे केस वाळून तपकिरी झाले आणि दाण्यात नख खुपसलं की दुधाची चिळकांडी उडाली, की काढायचा. ती चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली २६ ऑगस्टला. म्हणजे हरतालिकेला. दुसऱ्या दिवशी गणपती.

"अहो, दोन दिवस थांबेल की तो मका," बायको फोनवर म्हणाली.

थांबत नाही. झाडावर ठेवला तर दूध घट्ट होतं आणि पोपट वाट बघत असतात. तोडला तर त्या क्षणापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उन्हात तर फारच भराभर. पोपटांनी आणि लष्करी अळीने आपापला वाटा आधीच उचलला होता. उरली ९६ कणसं. ती डिकीत भरली आणि निघालो, तर दिवे घाटात एक ट्रक आडवा. दीड तास. लोक उतरून चहा पीत होते, फोटो काढत होते. मी मात्र दर दहा मिनिटांनी डिकी उघडून कणसांवर पाणी शिंपडत होतो. शेजारच्या रिक्षावाल्याने शेवटी विचारलंच, "काका, आत कोण आहे?"

घरी पोचलो तेव्हा फ्रीझरमध्ये खवलेले सात नारळ होते. उद्याच्या मोदकांचे. ते हलवायचा विषय मी काढला आणि लगेच मागे घेतला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या दोन बायकांशी वाद घालण्याइतका मी शूर नाही.

दाणे नुसते पिशवीत भरून गोठवले तर चालत नाही, हे मी वाचलं होतं. दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू आपलं काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत चव उतरते. म्हणून अख्खं कणीस उकळत्या पाण्यात चार मिनिटं, आणि मग लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर ते आतल्या आत शिजतच राहतं. ९६ कणसांना पुरेल एवढा बर्फ करायला जो फ्रीझर लागतो, त्यात नारळ. मी गुपचूप बाहेर जाऊन अर्धी लादी घेऊन आलो.

"कुठून आणलास?" आईने विचारलं.

"दुकानातून."

"कसल्या दुकानातून?"

श्रावण संपून तीन दिवस झाले होते आणि मासळीबाजार जोरात होता, एवढंच सांगतो. तो बर्फ मग घमेल्यात, घमेल्यात पातेलं, पातेल्यात घरचं पाणी आणि त्यात कणसं, अशी तडजोड झाली. घमेलं गच्चीवर. शेगडी स्वयंपाकघरात. मधे बावीस पायऱ्या.

दाणे सुरीने उतरवायला बसलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. चिरंजीव मदतीला आले आणि दाणे काढायचे सोडून रांगा मोजत बसले. "बाबा, चौदा. सोळा. परत चौदा. विषम येतच नाहीत!" येतच नाहीत, हे खरं आहे. पण तो शोध लागेपर्यंत मी एकट्याने चाळीस कणसं उतरवली होती. केस तर सगळीकडे. प्रत्येक दाण्यामागे एक केस असतो, आणि माझ्या अंदाजाने त्यातले निम्मे पंख्याला अडकले होते. चव बघायलाही घरात कोणी नाही. दोघींचा उपास, आणि मुलाला मका बघवत नव्हता.

साडेनऊ किलो दाणे भरले. पिशवीत स्ट्रॉ घालून हवा ओढून घ्यायची, पिशव्या चपट्या करून एकावर एक रचायच्या. शेवटच्या चार पिशव्या समोरच्या काकूंच्या फ्रीझरमध्ये आश्रयाला गेल्या.

सहा कणसं आईने आधीच बाजूला काढली होती, ऋषिपंचमीच्या भाजीसाठी. त्या दिवशी अळू, सुरण, भोपळ्यात त्यांचे जाड काप पडले. चार पिशव्यांच्या हक्काने काकूही जेवायला होत्या. पान वाढलं तरी त्यांचा हात थांबला.

"मका शेतातला ना गं? बैलाच्या कष्टाचं चालत नाही आज."

"छे, बैल कुठला," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "हाच जुंपला होता."