रस्सा, मिसळ आणि ऑपरेशननंतरचं ताट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काटछाट न करता ठेवली आहे. तुमचं म्हणणं असं, की लाखो रुपये घालून वजन कमी करायचं ऑपरेशन केलं आणि ताई पुन्हा तांबड्या-पांढऱ्यावर आणि मिसळीवर लेख लिहितात. जिभेचे चोचलेच पुरवायचे होते तर पोट कापून कशाला घेतलं? असलं वाचून पेशंट बिघडतात, तेव्हा लेख काढून टाका. पुढच्या महिन्यात तुमच्या वहिनींचं ऑपरेशन आहे, त्या काळजीतून तुम्ही हे लिहिलंत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं स्लीव्ह झालंय. त्यात जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जिथं तयार होतं, तो भागही त्यातच जातो. त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक जवळजवळ मरते. बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, सुटली! पण भूक नसताना दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढं प्रोटीन पोटात घालणं हे कामच होऊन बसतं. साधारण पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण. आता कोल्हापुरातल्या घरात नेहमीचं जेवण म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मटणाचं आळणी पाणी देतातच. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं, तिखट न घातलेलं. पातळ आहाराच्या दिवसांत आईनं तेच गाळून, गार करून, वर साय धरावी तशी आलेली चरबी चमच्यानं काढून मला दिलं. आहारतज्ज्ञांना विचारूनच. त्यांनी हेही बजावलं, की नुसत्या पाण्यात प्रोटीन फारसं नसतं, पावडर चुकवायची नाही. त्याच आळणीत नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ पडले की पांढरा होतो, आणि कांदा-लसूण चटणीची फोडणी बसली की तांबडा.

दादा, तुमचा राग मटणावर आहे, पण खरी भानगड रश्शात आहे. पातळ पदार्थ त्या नळीत टिकत नाही, सरकन पुढं जातो, पोट भरल्याचं कळतच नाही. खानावळीत वाढपी रश्शाचं भांडं घेऊन फिरत असतो, नको म्हणेपर्यंत वाढतो. तो ओरपत बसलं तर ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटातही नारळ-काजूचे उष्मांक बिनबोभाट जातात. म्हणून मी आधी मटणाच्या फोडी खाते. मऊ शिजलेल्या, अगदी बारीक तुकड्यांत मोडलेल्या. घास तोंडात असेपर्यंत पुढचा उचलायचा नाही. मग भाकरीचा चतकोराहून कमी तुकडा, आणि शेवटी रस्सा, चवीपुरता. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. त्या लेखात हाच क्रम होता. तुमची नजर बहुधा रश्शाच्या फोटोवर थांबली.

मिसळीचंही तसंच. मोडाच्या मटकीनं काही बिघडत नाही. त्रास देतो तो ब्रेड. आपल्याकडे मिसळीबरोबर पाव नसतो, स्लाइस असतात, आणि मऊ ब्रेड ओला झाला की त्याचा चिकट गोळा होतो. तो अडकला की छातीत दगड बसल्यागत होतं, तोंडाला पाणी सुटत राहतं आणि शेवटी उलटी. मी मिसळ घेते तेव्हा ब्रेड नको म्हणूनच सांगते, कट वेगळ्या वाटीत, फरसाण अगदी थोडं. फरसाणाबद्दल तर वहिनींना मुद्दाम सांगा. काहींचं वजन काही वर्षांनी पुन्हा वाढतं, हे खरं आहे. त्यात रविवारच्या मटणापेक्षा दिवसभर चहाबरोबर चिवडा, बिस्किट, शेव असं चरत राहण्याचा हात मोठा असतो. ते कुरकुरीत असतं, विरघळून जातं, पोट अडवत नाही, आणि जेवणात मोजलंही जात नाही.

मी हे ऑपरेशन गुडघ्यांसाठी आणि साखरेसाठी केलं. घरातल्या ताटापासून तुटण्यासाठी केलं नाही. सगळे पंगतीला बसलेत आणि एकटीपुढं डाळीचं पाणी, असं जन्मभर कुणाच्यानं होत नाही. मग ती बाई रात्री सगळे झोपल्यावर उभ्या-उभ्या डबे उघडते, आणि तिथं ना क्रम असतो ना माप. मला तुमच्या वहिनींची काळजी वाटते ती इथं. त्यांना ‘आता हे कायमचं बंद’ असं कृपा करून सुनावू नका. त्यांना पंगतीतच बसवा, ताटली लहान द्या, आणि ‘एवढंच?’ असं कुणी म्हणू नका.

लेख मी काढणार नाही. पण वहिनींचं स्लीव्ह आहे की बायपास (यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात), हे आधी विचारून घ्या, कारण बायपास असेल तर माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी त्यांना लागू पडणार नाहीत. उसाचा रस, काकवी, पुरणपोळी यांनी बायपासवाल्यांना जास्त त्रास होऊ शकतो: साखर एकदम आतड्यात उतरते, अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब, किंवा एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात. याला डम्पिंग म्हणतात. दोन्हींत बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सर्जन सांगतील तशा जन्मभर, आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी. उलट्या थांबत नसतील तर घरी वाट बघायची नाही. बी १ कमी पडून नसांवर आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, बायपासनंतर तशा गोळ्यांनी अल्सर होण्याचा धोका असतो. कुठली चालेल ते सर्जनकडून आधीच लिहून घ्या.